आठ सेकंद... रोड सायकल रेसिंगमधले विसरता न येणारे क्षण

घाटवाट

नमस्कार मंडळी,

क्रिकेटवर इथे रोज धागे निघतात, टेनिस-फुटबॉलवर पण निघतात, सायकल शर्यतींवर शोधलं तर एकही सापडला नाही म्हणून शेवटी मीच काढतोय. माझ्यासाठी जुलै म्हणजे पाऊस, वारी आणि टूर द फ्रान्स. ज्यांनी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तीन आठवडे, २१ टप्पे, प्रत्येकाचा रोजचा वेळ लिहून ठेवतात आणि बेरीज करत जातात, ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. मुख्य नियम एवढाच, पण या बेरजेने माणसांचं काय काय केलंय ते सांगायचंय.

सुरुवात १९८९ पासून, कारण हा क्षण मला अजून छळतो.

मी तेव्हा सातवीत. पेपरात खेळाच्या पानावर अगदी खाली चार ओळींची बातमी होती की अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सची सायकल शर्यत आठ सेकंदांनी जिंकला. मला वाटलं छपाईची चूक, आठ मिनिटं असणार. पुढे कितीतरी वर्षांनी इंटरनेटवर तो शेवटचा टप्पा बघितला तेव्हा कळलं की चूक नव्हती, ८७ तास ३८ मिनिटं सायकल चालवल्यावर खरंच आठ सेकंद.

लेमाँड १९८६ ला टूर जिंकलेला. एप्रिल १९८७ मधे शिकारीला गेला असताना मेव्हण्याच्या बंदुकीतून चुकून बार उडाला आणि छर्रे याच्या अंगात घुसले. हेलिकॉप्टर वेळेवर आलं म्हणून जगला. तीसएक छर्रे डॉक्टरांना काढताच आले नाहीत, त्यातले काही तर हृदयाच्या आवरणात अडकलेले, ते तसेच ठेवून हा माणूस परत सायकलवर बसला. दोन वर्षं टूर नाही. ८९ ला आला तो एका छोट्या बेल्जियन टीमकडून, घाट लागला की त्याच्या सोबतीला टीमचं कोणी उरायचं नाही.

समोर लोराँ फिन्याँ. पॅरिसचा पोरगा, १९८३ आणि ८४ चा विजेता, गोल चष्मा म्हणून त्याला प्रोफेसर म्हणायचे, मागे सोनेरी केसांची शेपटी. त्याच वर्षी जूनमधे इटलीची जिरो (टूरसारखीच तीन आठवड्यांची शर्यत) जिंकून आलेला. पहिले काही दिवस सोडले तर पिवळी जर्सी या दोघांत नुसती इकडून तिकडे चालली होती, शेवटी आल्प द्युएझच्या घाटात फिन्याँने घेतली आणि दुसऱ्या दिवशी लीड ५० सेकंदांवर नेला. उरला एकच टप्पा, २३ जुलै, व्हर्सायहून पॅरिसच्या शाँझेलिझेपर्यंत २४.५ किमीची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायचं. दर किलोमीटरला दोन सेकंदांहून जास्त काढायचे तेव्हा कुठे ५० भरणार. फिन्याँ हरेल असं फ्रान्समधे जवळपास कोणालाच वाटत नव्हतं.

पण शेवटच्या दिवसांत फिन्याँला बसायच्या जागी गळू झालं होतं, सीटवर टेकणं मुश्कील. आणि लेमाँडच्या हँडलला पुढे दोन दांडे लावलेले, त्यावर कोपरं टेकवून हात जवळ घेऊन चालवायचं, ट्रायथलॉनवाले वापरायचे ते. डोक्यावर लांबट हेल्मेट. फिन्याँचं डोकं उघडं, शेपटी वाऱ्यावर. लेमाँडने मागच्या गाडीतल्या लोकांना सांगून ठेवलं होतं की मला मधले वेळ सांगू नका, मी फक्त चालवणार. २६ मिनिटं ५७ सेकंद, ताशी साडेचोपन्न किमीचा वेग! मग तो फिनिशजवळ उभा राहून घड्याळ बघत बसला, कारण फिन्याँ त्याच्या दोन मिनिटं मागून निघालेला. फिन्याँला लागली २७ मिनिटं ५५ सेकंद. तो वाईट चालवला असंही नाही हो, त्या टप्प्यात तिसरा आला! पण ५८ सेकंद गेले आणि त्याच्याकडे होते ५०.

रेषा ओलांडल्यावर तो रस्त्यावर कोसळला. तो व्हिडिओ मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी लेमाँडच्या आनंदाकडे बघायचं ठरवून फिन्याँकडेच बघत बसतो. दोन टूर आणि एक जिरो जिंकलेला माणूस, त्याला जग ओळखतं ते आठ सेकंदांनी हरलेला म्हणून.

तुमचे क्षण लिहा. जिंकलेले, हरलेले, कसलेही चालतील.

---

कॅडन्स

घाटवाट दादा, दंडवत. काय लिहिलंय!

माझं स्पष्ट मत आहे की तो पराभव हवेने केला. सपाटीवर ताशी पन्नासच्या वर गेलात की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, उरलेली किरकोळ टायर आणि चेनमधे. हात पुढे जवळ घेतले की छाती झाकली जाते, आरपार फरक पडतो. फिन्याँने नुसतं हेल्मेट घातलं असतं तरी आठ सेकंद वाचले असते असं मला मनापासून वाटतं. आज टाइम ट्रायलला प्रत्येक जण तसेच दांडे लावतो.

---

घाटवाट

कॅडन्स, हवा आहेच, पण गळू विसरू नका. बसता येत नसताना २४ किलोमीटर एकाच पोझिशनमधे दम काढायचा म्हणजे काय, हे ज्याने लांब सायकल मारलीय त्यालाच कळेल. माझ्या मते दोन्ही मिळून झालं.

---

मधुमालती

मला सायकलिंगमधलं शून्य कळतं तरी एका दमात वाचलं. एक शंका विचारू का, घड्याळ जर प्रत्येकाचं वेगळं आहे तर टीम कशाला लागते? बाकीचे सात-आठ जण काय करतात?

---

भोरघाट

मधुमालती ताई, याचं उत्तर मी देतो. मी ८० च्या दशकात चार वेळा मुंबई-पुणे शर्यतीत धावलोय, आता पासष्टी ओलांडली. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं की वारा तो खातो आणि मागच्याची ताकद भरपूर वाचते. म्हणून टीममधले सात जण दिवसभर वारा खातात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर आपलं चाक काढून देतात आणि आठवा माणूस ताजा राहून शेवटच्या घाटात सुटतो. नाव त्या एकाचं होतं. खोपोलीपर्यंत आम्हीही असेच थव्याने जायचो, खरी शर्यत सुरू व्हायची खोपोली सोडल्यावर.

बोरघाटात एकदा माझी चेन पडली होती, अगदी अवघड चढाच्या वळणावर. पुढच्या सहा-सात जणांत होतो. चढावर चेन पडली की पाय एकदम मोकळे फिरतात आणि पोटात खड्डा पडतो, तो क्षण चाळीस वर्षांनी पण अंगावर येतो. चेन चढवून परत पॅडल मारायला जावं तर सायकल हलेना, एवढा चढ. कडेला उभ्या असलेल्या एका पोराने मागून धक्का दिला म्हणून निघालो. नंबर गेला तो गेलाच.

आता माझा क्षण. ५ जून १९८८, जिरोमधला गाव्हिया घाट. उंची २,६०० मीटरच्या वर, वरचा रस्ता तेव्हा कच्चा, आणि त्या दिवशी बर्फ पडायला लागला. आयोजकांनी टप्पा रद्द केला नाही. अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टन, त्याच्या टीमच्या लोकांनी सकाळी गावातल्या स्कीच्या दुकानांतून मिळतील तेवढे गरम कपडे आणि हातमोजे उचलून आणले होते आणि घाटाच्या वर घेऊन उभे राहिले. डचांचा फान डर व्हेल्डे तोकड्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला, आणि उतारावर इतका गारठला की थांबावंच लागलं, फिनिशला पोचला तो पाऊण तासापेक्षा जास्त मागे. घाट चढताना अंग तापलेलं असतं, माणूस मरतो तो उतारावर, ओल्या कपड्यात, ब्रेक दाबायला बोटं उरत नाहीत. टप्पा डचांचाच ब्रॉइकिंक जिंकला, गुलाबी जर्सी (टूरला पिवळी तशी जिरोला गुलाबी) हॅम्पस्टनला मिळाली आणि त्याने ती शेवटपर्यंत ठेवली. जिरो जिंकणारा पहिला अमेरिकन. गरम हातमोज्यांनी शर्यत जिंकता येते हे मी माझ्या पोरांना तेव्हापासून सांगत आलोय.

---

भाताऐरण

भोरघाट काका, तुमच्या चेनवरून मला ओजेन क्रिस्तॉफ आठवला. आमच्या घरी आजोबांपर्यंत लोहारकाम होतं म्हणून ही गोष्ट मला फार जवळची.

१९१३ ची टूर. पिरेनीजमधला तूरमाले घाट. उतारावर क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचा चिमटा (फोर्क) तुटला. तेव्हा नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कोणाची मदत घ्यायची नाही, सायकल बदलायची नाही. हा माणूस सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरपेक्षा जास्त चालत खाली सेंत-मारी-द-काँपाँ गावात पोचला, रडत रडत. तिथे लोहाराचं दुकान शोधलं आणि लोखंड तापवून चिमटा स्वतःच्या हाताने जोडायला बसला. शर्यतीचे पंच शेजारी उभे, लोहार हात लावत नाही ना हे बघायला! एका हातात सांडशी, एका हातात हातोडा, मग भाता कोण ओढणार? तिथल्या एका पोराने ओढला. त्याबद्दल दहा मिनिटांचा दंड!! नंतर तो तीन मिनिटांवर आणला म्हणे, पण त्याचे एकूण चारएक तास गेलेच होते.

भाता ओढत ओढत ऐरणीवरच्या लोखंडाचा रंग सांभाळणं किती अवघड असतं ते मी लहानपणी बघितलंय, लाल पडला की उशीर झाला. दिवसभर सायकल मारून आलेल्या माणसाने ते केलं आणि परत सायकलवर बसून दोन घाट चढून टप्पा पूर्ण केला.

आणि पिवळी जर्सी पहिल्यांदा कोणाला मिळाली माहितीय? १९१९ मधे, ग्रनोबल गावात, याच क्रिस्तॉफला. शर्यत भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं म्हणून पिवळी. त्याच वर्षी शेवट जवळ आलेला असताना परत चिमटा तुटला आणि टूर हातची गेली. टूर तो कधीच जिंकला नाही.

---

मधुमालती

बापरे. भाता ओढला म्हणून दंड. मी हे घरी वाचून दाखवलं, सगळे गप्प.

---

लिंबुर्गकर

मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समधे, मास्ट्रिख्टला. इथे सायकल शर्यत म्हणजे गावची जत्रा असते, अंगणात खुर्च्या टाकून आजी-आजोबा सकाळपासून बसलेले.

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार, आम्स्टेल गोल्ड रेस, इथली एका दिवसाची मोठी शर्यत. आम्ही फिनिशच्या थोडं अलीकडे उभे होतो. पुढे फ्रान्सचा आलाफिलीप आणि डेन्मार्कचा फुगलसांग, दोघंच, जिंकल्यात जमा, मोठ्या पडद्यावर बघून लोक हळहळत होते कारण आपला माथ्यू फान डर पूल (हो, आपलाच म्हणतो आता) फार मागे होता. शेवटच्या किलोमीटरमधे पुढचे दोघं एकमेकांकडे बघत रेंगाळले आणि मागून हा सगळ्या घोळक्याला आपल्या चाकामागे ओढत आला. पडद्यावरच्या कॉमेंटेटरचा आवाज फाटला, माझ्या शेजारचे आजोबा माझा दंड धरून ओरडत होते, ते काय म्हणत होते ते मला एक अक्षर कळलं नाही आणि मी पण मराठीत ओरडत होतो. जिंकला! रेषेपलीकडे जमिनीवर आडवा पडून त्याने तोंड हातांनी झाकून घेतलं. २००१ नंतर पहिल्यांदाच डच माणूस ही शर्यत जिंकला.

पण माझा खरा क्षण पुढे आहे. माथ्यूच्या आईचे वडील म्हणजे रेमों पूलिदॉर. फ्रान्समधे हा माणूस म्हणजे देव. टूरमधे तीन वेळा दुसरा, पाच वेळा तिसरा, आणि पिवळी जर्सी एक दिवससुद्धा नाही. १९६४ ला पुई द डोमच्या चढावर तो आणि फ्रान्सचाच आंकतील कोपराला कोपर घासत चढले तो फोटो बघा, शेवटी पूलिदॉर सुटला, ४२ सेकंद मिळवले आणि जर्सी १४ सेकंदांनी हुकली. आंकतील पाचव्यांदा जिंकला पण लोकांनी प्रेम पूलिदॉरवर केलं. नोव्हेंबर २०१९ मधे ते गेले.

जून २०२१, माथ्यूची पहिलीच टूर, दुसरा टप्पा, म्यूर-द-ब्रतान्यचा चढ दोनदा होता. पहिल्या खेपेला त्याने हल्ला केला तो वरचे बोनस सेकंद (एकूण वेळेतून वजा होणारे) मिळवायला, दुसऱ्या खेपेला टप्पाच जिंकला. रेषेवर एक बोट आभाळाकडे. पिवळी जर्सी घातली आणि ढसाढसा रडला. आजोबांना जी आयुष्यभरात मिळाली नाही ती नातवाला दुसऱ्या दिवशी. मी ऑफिसचं काम घरी घेऊन बसलो होतो, लॅपटॉप मिटून ठेवला.

---

कॅडन्स

लिंबुर्गकर, काटा आला अंगावर. +१००

---

बीजगणित

मी कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे माझा क्षण ठरलेलाच आहे. टोकियो ऑलिंपिक, २५ जुलै २०२१, महिलांची रोड रेस, १३७ किमी. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. गणितात पीएच.डी., तेव्हा स्वित्झर्लंडमधे विद्यापीठात काम करत होती, कुठल्याही व्यावसायिक टीमशी करार नाही, कोच नाही, ट्रेनिंगचं, खाण्याचं, गरमीचं सगळं नियोजन स्वतः बसून केलेलं.

झेंडा पडल्या पडल्या ती पुढे निघाली. बरोबर काही जणी होत्या, त्याही एकेक करून मागे पडल्या, शेवटचे चाळीसएक किलोमीटर ती एकटी. आता गंमत अशी की ऑलिंपिकमधे खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतो. मागे डच संघ, चारही जणी जगातल्या सर्वोत्तम, त्यांनी बाकीच्या पळालेल्या मुली पकडल्या आणि हिशोब संपला असं समजल्या. पुढे अजून एक आहे हे त्यांना कळलंच नाही! आनामीक फान फ्लॉइटन रेषेवर दोन्ही हात वर करून आली, सुवर्ण मिळालं म्हणून. आना ७५ सेकंद आधीच पोचून जमिनीवर पडली होती.

डच मुलींसाठी वाईट वाटलं का, हो वाटलं. पण माझ्या वर्गात मी हे दरवर्षी सांगते, एक मोजायची राहिली.

आणि घाटवाट, तुमच्या आठ सेकंदांना आता बहीण मिळालीय बरं का. २०२४ ची महिलांची टूर, शेवटचा टप्पा परत तुमचाच आल्प द्युएझ. नेदरलँड्सची डेमी फोलरिंग आधी एका टप्प्यात पडली होती आणि पावणेदोन मिनिटं गमावून बसलेली, तिने शेवटच्या दिवशी सगळं झोकून दिलं, टप्पा जिंकली. मागून पोलंडची काशिया नेविआदोमा चढतेय, सेकंद वितळतायत, वितळतायत, आणि रेषा आली तेव्हा काशियाकडे उरले चार. चार सेकंद!

---

घाटवाट

बीजगणित ताई, चार सेकंदांचा टप्पा मी उभ्याने बघितला होता. फोलरिंग पडली तेव्हा तिच्या टीममधल्या मुली थांबल्या असत्या तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

---

सह्याद्रीपुत्र

सगळं छान आहे पण एक खटकतं ते बोलू का. हा खेळ औषधं घेणाऱ्यांचा आहे. आर्मस्ट्राँगला आम्ही किती मानायचो, पिवळा रबरी पट्टा हातात घालून फिरलो, आणि शेवटी काय? आता कोण काही भारी करतो तेव्हा पहिली शंकाच येते.

---

घाटवाट

सह्याद्रीपुत्र, तुमचं दुखणं खरं आहे, मीही त्यातून गेलोय. २०१२ मधे त्याची सातही टूर काढून घेतली, १९९९ ते २००५ विजेत्याच्या जागा रिकाम्या ठेवल्यात, दुसऱ्या नंबरवाल्यांना दिल्यासुद्धा नाहीत. आणि त्याच्या कितीतरी आधी, १३ जुलै १९६७ ला व्हाँतूच्या उघड्या बोडक्या डोंगरावर इंग्लंडचा टॉम सिम्पसन भर उन्हात सायकलवरून पडला, परत बसवला गेला, परत पडला, आणि गेला. खिशात गोळ्या सापडल्या. तो पडला तिथे दगडी स्मारक आहे, सायकलवाले तिथे बाटली, टोपी ठेवून पुढे जातात. बेल्जियमचा चॅम्पियन एडी मर्क्सने १९७० मधे शर्यत चालू असताना तिथून जाताना टोपी काढली होती. हे मी लपवणार नाही, हाही या खेळाचा इतिहासच आहे. पण म्हणून भाता ओढणारा पोरगा खोटा होत नाही ना?

आणि तुमच्यासाठी एक माणूस सांगतो, जीनो बार्ताली. १९३८ ला टूर जिंकला, मधे महायुद्ध, मग १९४८ ला परत जिंकला, दहा वर्षांनी. मधल्या काळात तो फ्लॉरेन्स ते असिसी अशी लांबलांब ‘प्रॅक्टिस’ करायचा, आणि सायकलच्या नळीत लपवलेली असायची ज्यू कुटुंबांना वाचवण्यासाठी बनवलेली ओळखपत्रं. चॅम्पियन म्हणून सैनिक त्याची सायकल उघडून बघायचे नाहीत. जिवंत असेपर्यंत तो याबद्दल फारसं बोललाच नाही. २०१३ मधे, तो गेल्यावर, इस्राएलने त्याचा सन्मान केला.

---

सह्याद्रीपुत्र

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. वाचतो अजून.

---

कॅडन्स

आता माझा, कधीपासून टाइप करून ठेवलाय. दोन भाग आहेत आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे.

भाग पहिला: १९ सप्टेंबर २०२०. कोविडमुळे टूर ऑगस्ट-सप्टेंबरात ढकललेली. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच, मूळचा स्की जंपर, विशी ओलांडल्यावर सायकलवर आलेला. जवळपास दोन आठवडे पिवळ्या जर्सीत, टीम अशी की घाटात कोणाला हलू देत नव्हती. उरली एक टाइम ट्रायल, ३६ किमी, शेवटी ला प्लांश दे बेल फीयचा चढ. लीड ५७ सेकंद. मागे त्याच्याच देशाचा २१ वर्षांचा तादेय पोगाचार. त्या पोराने एकट्याने सगळं उलटवलं, रोग्लिच त्याच्यापेक्षा १ मिनिट ५६ सेकंद हळू. रोग्लिचचं हेल्मेट डोक्यावर तिरकं झालेलं, चेहरा पांढरा पडलेला, आणि वर खुर्च्यांवर बसलेले त्याचे टीममेट्स दुमूलाँ आणि फान आर्ट तोंड उघडं ठेवून पडदा बघतायत. रात्री मी जेवलो नाही. पण रोग्लिच खाली बसला, उठला, आणि जाऊन पोगाचारला मिठी मारली.

भाग दुसरा: २७ मे २०२३, जिरो, शेवटून दुसरा टप्पा, मोंते लुसारीची टाइम ट्रायल. परत डोंगरावरची, फक्त या वेळी रोग्लिच मागे, २६ सेकंदांनी, गेरेंट थॉमसच्या. स्लोव्हेनियाची हद्द अगदी जवळ, त्यामुळे अख्खा डोंगर त्याच्या लोकांनी भरलेला. शेवटचे सात किलोमीटर भिंतीसारखे. तो वेळ काढत चाललाय, काढत चाललाय, आणि एका खाचेवरून चाक गेलं आणि भोरघाट काका, चेन पडली.

मी ओरडलो, नाही नाही परत नाही. तो उतरला, शांतपणे हाताने चेन बसवली, पण चढ इतका की सायकल सुरू होईना. कडेच्या गर्दीतून एक माणूस धावत आला आणि त्याने मागून धक्का दिला. तो माणूस रोग्लिचचा स्की जंपिंगच्या दिवसांतला जुना सोबती निघाला! तिथून सुटला तो थेट वर, टप्पा थॉमसपेक्षा ४० सेकंद लवकर, जिरो १४ सेकंदांनी जिंकली.

---

भोरघाट

कॅडन्स, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि नातीला म्हटलं मला हे दाखव. तिने मोबाईलवर शोधून लावून दिलं. तो चेन बसवतो ते मी चार वेळा मागे घेऊन बघितलं. घाई करत नाही हो तो. मी त्या दिवशी बोरघाटात घाई केली होती, चेन दोनदा सुटली हातातून, बोटं काळी झाली आणि चेनच्या चक्राचे दात पण बोटात घुसले, त्याची खूण अजून आहे.

आणि तो धक्का देणारा. मला ज्याने धक्का दिला तो खाकी हाफ पँटमधला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता, हातात चहाची किटली होती, ती त्याने रस्त्यावर ठेवली आणि धावला. मागे वळून बघायला वेळच नव्हता, नाव विचारायचं राहिलं. तो पण आता पन्नाशी-साठीचा असेल.

घाटवाट, तो १९८९ चा व्हिडिओ पण नातीला शोधायला सांगितलाय. संध्याकाळी बघतो.